'कूल' शब्दाची गंमत

मुलांनो, इंग्रजीतील 'कूल' या विशेषणाचा मूळ अर्थ गार असा आहे. बोचऱ्या थंडीचा मात्र नव्हे. त्याला शब्दकोशातील एकच प्रतिशब्द चिकटवून मोकळे होऊ नये, असे माझे मत आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने 'कूल रिसेप्शन'चे भाषांतर 'शीतल स्वागत' असे केले. वाचणाऱ्यास वाटावे, पाहुण्यावर गुलाबपाणीच शिंपडले! वस्तुतः यजमानांनी त्याच्याकडे धड पाहिलेही नव्हते. आपल्या 'शीतल' शब्दात चांदण्याची माया आहे. त्या 'कूल'मध्ये निव्वळ अनास्था होती. संकटात न डगमगणाऱ्या माणसालाही इंग्रजीत 'कूल'च म्हणतात. तेथे आपले 'थंड डोके' अचूक बसते. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझवादकांच्या बोलीतून पसंतीचा अर्थ सर्वत्र पसरला. माइल्स डेव्हिस यांच्या १९५७ मधील 'बर्थ ऑफ द कूल' या ध्वनिमुद्रिकेच्या नावातही हा शब्द आहे. आज तुम्ही मित्रालाही 'कूल' म्हणता आणि आमरसालाही. म्हणा बापडे! पण आमरस गोड होता की नुसताच गार, हे ऐकणाऱ्यास कसे कळावे?