विसाव्याचा मान

आश्विन जवळ आला की धाराशिव जिल्ह्याच्या साऱ्या वाटा तुळजापूरकडे वळतात, आणि सोयाबीनच्या काढणीतून सवड काढून अनवाणी निघालेल्या त्या पावलांत आपलीही पावले असतात. घटस्थापनेआधी भवानी मंचकी निद्रा घेते, सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत पुन्हा श्रमनिद्रेत विसावते. जगदंबेला थकवा कसा, असे आपण कधी विचारत नाही. याच दिवसांच्या आगेमागे, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. मनाने थकलेल्या माणसाला मात्र आपण ‘बाहेरचं काही’ म्हणून अंगारा लावतो, नाहीतर दाराला बाहेरून कडी.

मग औषधाच्या गोळ्या सुटतात, घराच्या रात्री जागून जातात आणि कुणीतरी विचारते, कोर्टातून हुकूम आणला तर ऐकेल का? न्यूयॉर्क राज्यात १९९९ पासून तशी सोय आहे; जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर न्यायाधीश घरी राहून उपचार घेण्याचा आदेश देऊ शकतात. आपल्याकडे १९८७ च्या कायद्याने आप्तांना दंडाधिकाऱ्यांकडे जाता येई, पण ते रुग्णालयात दाखल करण्यासाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दंडाधिकारी तपासणीसाठी फार तर दहा दिवस दाखल करण्याची परवानगी देतात. कुणाची घरात आबाळ किंवा छळ होत असेल तर पोलिसांना कळवता येते, आणि साखळीने बांधण्यास तर साफ मनाई आहे. घरी घ्यायच्या गोळीची सक्ती मात्र या कायद्यात नाही.

हे बरेच झाले. येरवड्याचे मनोरुग्णालय इथून अडीचशे किलोमीटरच्या घरात. तिथून परतलेल्याच्या गोळीवर पहारा द्यायला कोणता बेलिफ येणार? जिल्हा रुग्णालयाची फेरी न चुकवणे, पेरणी-काढणीच्या बोलण्यात त्याचे मत पूर्वीसारखे विचारणे, हे कर्तव्य आपलेच.

त्यासाठी कायद्याने आपल्या हाती काही दिलेही आहे. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा उमटवून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. प्रकृती ढासळली तर दाखल करण्याचा अर्ज तो करतो, सुटीनंतरच्या उपचारांबद्दल डॉक्टर त्याच्याशी बोलतात. घटाशेजारी सारे घर जमलेले असते, तेव्हाच त्या माणसाशी शांतपणे बोलून, त्याच्या मर्जीने, हा कागद करून ठेवावा. अपरात्री सल्ला लागला तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.