फ्यूजवरचा आकडा हाही पुरावाच

जुन्या वस्तूंच्या जतनाविषयी आपण भरभरून बोलतो. पण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला, की हाताशी येईल तो, बहुधा जास्त अँपिअरचा, बसवून मोकळे होतो. माझ्या मते ही वस्तूची नासधूसच आहे.

१९५९ सालचा अमेरिकी ‘डायनाको स्टिरिओ ७०’ घ्या. त्याला ३ अँपिअरचा, सावकाश वितळणारा फ्यूज नेमलेला होता. सावकाश का? व्हॉल्व्हचे तंतू थंड असताना त्यांचा रोध अल्प असतो, कपॅसिटरही रिकामे असतात. म्हणून बटण दाबताच प्रवाह क्षणभर उसळतो. शीघ्र फ्यूज तेवढ्यानेच उडतो. मग वैतागून कोणी १० अँपिअरचा लावतो आणि पुढे एखादा व्हॉल्व्ह बिघडला, की फ्यूज शाबूत राहून मूळ ट्रान्सफॉर्मर जळतो.

मात्र हे ३ अँपिअर अमेरिकेतील विजेच्या दाबासाठी, म्हणजे सुमारे १२० व्होल्टसाठी. तशाच यंत्राला २३० व्होल्टवर साधारण निम्मा प्रवाह लागतो. तेथे दीड अँपिअरच योग्य. (युरोपीय फ्यूजवरील ‘टी’ हे मंद या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर, ‘एफ’ चपळ या अर्थाच्या.)

उडालेल्या फ्यूजवरचा आकडाही निमूट स्वीकारू नये. तो आधीच्या मालकाने बसवलेला असू शकतो. मूळ पुस्तिकेशी ताडून पाहावा.