तंजावूरच्या रिकाम्या जागेचे गणित

तंजावूरच्या राजवाड्यात येणारा मराठी पाहुणा सरस्वती महाल पाहतो, मोडीतले कागद पाहतो, दरबारातल्या सरफोजीराजांच्या पुतळ्यापाशी थोडा रेंगाळतो आणि मग बृहदीश्वराच्या देवळाकडे निघतो. १७९९ मध्ये कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारल्यावर उरलेली गादीही खालसा झाली, इथवरची हकीकत त्याला ठाऊक असते. आज या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींत राहणारे लोक आपला कारभारी कसा निवडतात, हे मात्र तो सहसा विचारत नाही. विचारावे असे तिथे बरेच काही घडले आहे.

राजवाड्याचा परिसर तमिळनाडू विधानसभेच्या १७४ क्रमांकाच्या तंजावूर मतदारसंघात येतो. १९६२ मध्ये करुणानिधी याच मतदारसंघातून निवडून आले होते. २०१६ ते २०२१ या पंधराव्या विधानसभेच्या साठ महिन्यांपैकी सुमारे सव्वीस महिने मात्र या मतदारसंघाला आमदारच नव्हता. ही जागा एकदा नव्हे, दोनदा रिकामी राहिली आणि दोन्ही वेळची कारणे वेगळी होती.

आधी सभागृहाची रचना पाहू. तमिळनाडूच्या विधानसभेत २३४ निर्वाचित सदस्य असतात, म्हणजे बहुमतासाठी ११८ लागतात. आपल्याकडे २८८ जणांच्या विधानसभेच्या जोडीला ७८ जणांची विधान परिषद आहे. तमिळनाडूतही ती होती, पण एम.जी. रामचंद्रन यांच्या सरकारने १ नोव्हेंबर १९८६ पासून ती मोडीत काढली. दिवाळखोर ठरलेल्या एका अभिनेत्रीला परिषदेवर नेमण्याचा घोळ त्याला निमित्त झाला. पुढे २०१० मध्ये ती पुन्हा आणण्याचा कायदा झाला, पण परिषद काही भरली नाही. तेव्हा आज तिथे जे काही ठरते ते एकाच सभागृहात, आणि त्या सभागृहातल्या डोक्यांच्या मोजणीवर.

ही मोजणी मतांच्या प्रमाणात होत नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. बाकीच्यांच्या मतांना सभागृहात जागा नाही. २०१६ मध्ये अण्णा द्रमुकला जवळपास ४१ टक्के आणि द्रमुकला ३२ टक्क्यांच्या आसपास मते पडली. अंतर नऊ टक्क्यांचे, पण मे महिन्यातल्या निकालात जागा १३४ आणि ८९. २०२१ मध्ये द्रमुकने ३८ टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर १३३ जागा मिळवल्या, तर साडेसहा टक्के मते घेणाऱ्या नाम तमिळर पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

यातून आघाडीचे महत्त्व कळते. द्रमुकच्या त्या १३३ मध्ये आठ जण मित्रपक्षांचे होते. ते उगवत्या सूर्याच्या चिन्हावर लढले म्हणून निवडणूक आयोगाच्या तक्त्यात द्रमुकचे ठरले. तंजावूर जिल्ह्यातल्याच पापनाशमचे जवाहिरुल्ला हे त्यांपैकी एक. जिल्ह्यातल्या आठपैकी सात जागा त्या वेळी द्रमुक आघाडीला गेल्या, ओरतनाडू तेवढी अण्णा द्रमुककडे राहिली. जाता जाता एक गोष्ट. जिल्ह्यात आणि राज्यात विखुरलेल्या तंजावुरी मराठी कुटुंबांची मते कुठल्याही एका मतदारसंघात निकाल फिरवण्याइतकी एकवटत नाहीत. या पद्धतीत गटाच्या संख्येइतकेच तो कुठे राहतो यालाही महत्त्व असते.

आता पहिली रिकामी खेप. १६ मे २०१६ रोजी राज्यभर मतदान होते. त्याच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगाने तंजावूरचे मतदान पुढे ढकलले. करूर जिल्ह्यातल्या अरवाकुरिचीचे त्याआधीच ढकलले होते. कारण पैसेवाटप. आधी २३ मे, मग १३ जून अशा तारखा पडल्या आणि शेवटी आयोगाने राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमाने मिळालेले अधिकार वापरून दोन्ही मतदारसंघांची अधिसूचनाच रद्द केली. पैशामुळे विधानसभेची निवडणूक अशी गुंडाळण्याची देशातली ही पहिलीच वेळ. नव्याने मतदान झाले ते १९ नोव्हेंबरला, नोटाबंदीनंतर अकरा दिवसांनी. अण्णा द्रमुकचे एम. रंगसामी निवडून आले. मतदाराला विकत घेण्याचा प्रयत्न झाला, त्याची शिक्षा म्हणून मतदारच सहा महिने आमदाराविना राहिला. उमेदवारीवर मात्र आच आली नाही.

दुसरी खेप समजायला थोडी आकडेमोड करावी लागेल. नोव्हेंबरच्या मतदानानंतर अण्णा द्रमुकचे १३६ सदस्य झाले. ५ डिसेंबरला मुख्यमंत्री जयललिता गेल्या आणि १३५ उरले. समोर द्रमुकचे ८९, काँग्रेसचे ८ आणि मुस्लिम लीगचा १, असे ९८. मग पक्ष फुटला. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नवे मुख्यमंत्री पलानीस्वामी यांनी १२२ विरुद्ध ११ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. विरोधात पडलेली ती ११ मते पक्षाचा आदेश झुगारणाऱ्या, माजी मुख्यमंत्री पनीरसेल्वम यांच्या गटाची होती. ऑगस्टमध्ये पलानीस्वामी आणि पनीरसेल्वम एक झाले, तर पक्षातले तिसरे नेते टी.टी.व्ही. दिनकरन यांच्या बाजूचे १९ आमदार २२ ऑगस्टला राज्यपालांकडे गेले आणि या मुख्यमंत्र्यांवर आमचा विश्वास नाही, असे लिहून दिले. राज्यपाल होते सी. विद्यासागर राव, महाराष्ट्राचे राज्यपालपद सांभाळून ते तमिळनाडूचा अतिरिक्त भार वाहत होते. पत्र देणाऱ्यांत तंजावूरचे रंगसामी होते.

या पत्राने काय होणार होते? १३५ मधून १९ वजा केले तर ११६ उरतात. त्यातले एक अध्यक्ष, म्हणजे मतदानाला ११५. विरोधकांचे ९८ आणि हे १९ मिळून ११७. सरकार पडत होते. १९ पैकी एक जण परत फिरला तर दोन्हीकडे ११६ आणि अध्यक्षांचे निर्णायक मत, इतके ते काठावर होते.

इथे राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा पुढे येतो. त्यानुसार आमदार दोन कारणांनी अपात्र ठरतो: पक्षादेश मोडून मत दिले तर, किंवा पक्षाचे सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडले’ तर. दुसऱ्या कारणासाठी राजीनामाच द्यावा लागत नाही, वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक खटल्यात सांगितले. तो खटला गोव्याचा. तिथेही महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दोन आमदारांनी राज्यपालांकडे जाऊन आपण पक्षाबरोबर नसल्याचे सांगितले होते. तमिळनाडूतल्या १८ जणांचे म्हणणे असे, की आम्ही पक्ष सोडलेला नाही, विरोधकांना मिळालेलो नाही, फक्त मुख्यमंत्री बदला म्हणतो आहोत. एक जण परतला होता म्हणून आता ते १८ होते.

विधानसभाध्यक्ष पी. धनपाल यांनी १८ सप्टेंबर २०१७ रोजी अठराही जणांना अपात्र ठरवले. राज्यपालांच्या भेटीला महिनाही झाला नव्हता. या एका आदेशाने सभागृह २१५ निर्वाचित सदस्यांचे झाले आणि बहुमताचा आकडा १०८ वर आला. अण्णा द्रमुककडे ११७ होते. कुणाचे मन वळले नाही, कुणी पक्ष बदलला नाही. भाजक लहान झाला आणि सरकार टिकले.

दोनच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाने विश्वासमत आणि पोटनिवडणुका दोन्हींना अंतरिम मनाई केली. एरवी जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१अ सांगते. खटला मात्र चालत राहिला. १४ जून २०१८ रोजी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, तिसऱ्या न्यायमूर्तींनी २५ ऑक्टोबरला अध्यक्षांचा निर्णय कायम केला आणि तंजावूरला पोटनिवडणूक झाली ती १८ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभेच्या मतदानाबरोबर. २३ मेच्या निकालात द्रमुकचे टी.के.जी. नीलमेगम आले. राज्यात तेव्हा एकूण २२ पोटनिवडणुकांत द्रमुकला १३ आणि अण्णा द्रमुकला ९ जागा मिळाल्या. त्या नऊ जागांवर पलानीस्वामी यांचे सरकार मुदत पुरी करून गेले.

या वीस महिन्यांत राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाची स्थिती काय होती? आमदार नाही, म्हणजे विधानसभेत त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा नाही आणि अर्थसंकल्पावर मत देणारा नाही. पण नगरसेवक तरी? तोही नाही. तंजावूरची नगरपालिका २०१४ मध्ये महापालिका झाली, ऑक्टोबर २०१६ मध्ये राज्यभरच्या स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि शहरांतल्या निवडणुका थेट १९ फेब्रुवारी २०२२ ला झाल्या. तोवर कारभार नेमलेल्या विशेष अधिकाऱ्यांकडे. गटाराची तक्रार असो की जमिनीच्या पट्ट्याचा कागद, दाद मागायची ती सरकारी टेबलापाशीच. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, पेरावुरणीकडच्या नारळबागा आडव्या केल्या, जिल्ह्यात मदत-पंचनाम्यांची धावपळ चालली, तेव्हाही जिल्ह्याच्या मुख्य शहराला स्वतःचा आमदार नव्हता.

नगरसेवकांविना चालणारा हा कारभार मुंबईकरांना ओळखीचा वाटेल. त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता.

आता मत मांडायला हरकत नाही. अठरा जण अपात्र ठरले हे कायद्याला धरून होते असे न्यायालयाने म्हटले आहे, आणि दिनकरन गटानेही सर्वोच्च न्यायालयात न जाता निवडणूक पत्करली. प्रश्न पनीरसेल्वम गटाच्या त्या अकरा जणांचा आहे. त्यांनी तर पक्षादेश मोडून सरकारविरुद्ध सभागृहात मत दिले होते. अपात्रतेच्या दोन कारणांपैकी ढळढळीत कारण त्यांचेच. पण ते सत्ताधारी गटात परतले होते आणि पनीरसेल्वम उपमुख्यमंत्री झाले होते. त्यांच्याविरुद्धचा अर्ज फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हाही अध्यक्षांचा निर्णय झालेला नव्हता. एकाच अध्यक्षांपुढे अठरांचा निकाल महिन्याच्या आत आणि अकरांचा तीन वर्षांतही नाही. महाराष्ट्रात शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतरचा अपात्रतेचा निकाल १० जानेवारी २०२४ रोजी लागला आणि कुणीच अपात्र ठरले नाही. घाई असो वा दिरंगाई, दोन्ही राज्यांत ती सरकारच्या सोयीची ठरली. त्यात धनपाल किंवा महाराष्ट्राचे विधानसभाध्यक्ष नार्वेकर यांच्या वृत्तीपेक्षा दोष रचनेचा अधिक आहे. ज्याचे पद सत्ताधारी बाकांच्या मतांवर उभे, त्यालाच त्या बाकांची मोजणी करायला बसवले आहे.

जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत असे म्हटले आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. सूचना योग्य आहे, पण ती केवळ आमदारांच्या खटल्यापुरती आहे. मतदारासाठी दुसरी एक तरतूद हवी: अपात्रतेला आव्हान दिले तर न्यायालयाने त्याचा निकाल त्याच सहा महिन्यांच्या आत द्यावा, ज्यात एरवी पोटनिवडणूक झाली असती. १५१अ कलमात आज दोनच अपवाद आहेत. सभागृहाची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर, किंवा त्या वेळेत निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्राशी सल्लामसलत करून प्रमाणित केले तर. न्यायालयात तुंबलेला खटला हा त्यात कुठेच नसलेला तिसरा अपवाद आहे, आणि तंजावूरच्या वीस महिन्यांपैकी तेरा महिने त्यानेच खाल्ले.