परसबाग : तीन पानं दिसली म्हणजे क्लोव्हर नव्हे



सांवेरहून भाचीचा फोटो आला. "मावशी, माझा क्लोव्हर उगवला!" पावसाळ्यात तिने ऑनलाइन मागवलेलं पांढऱ्या क्लोव्हरचं बी कुंडीत टाकलं होतं. फोटोत हृदयाच्या आकाराची पानं आणि मधेच एक बारीक पिवळं फूल. मला सांगावंच लागलं, "बाळा, ही आंबुटी आहे. पाकिटातलं बी उगवलंच नाही." दोन दिवस रुसली होती.

आंबुटीला इकडे खट्टी बूटी म्हणतात. पान चावलं की आंबट लागतं. नर्सरीत मिळणारी जांभळ्या पानांची 'लकी' कुंडीसुद्धा तिचीच बहीण. पाण्याकाठी चार पानांचं रोप सापडलं तरी हुरळू नका. ते बहुधा चौपतिया असतं, म्हणजे नेच्याच्या कुळातलं, आणि त्याला नेहमी चारच पानं असतात!

खरा गोंधळ होतो तो मेथी, लसूणघास आणि गव्हात उगवणारी रानमेथी यांच्याशी, कारण ही सगळी क्लोव्हरची सख्खी भावंडं. इथे चव उपयोगाची नाही, मधलं पान बघायचं. या तिघांत मधल्या पानाला स्वतःचा छोटा देठ असतो. क्लोव्हरची तिन्ही पानं एकाच बिंदूतून निघतात. घरात मेथीची जुडी आली की एक काडी हातात घ्या, लगेच कळेल.

भाचीला म्हटलं, पांढऱ्या क्लोव्हरला थंडी हवी, माळव्याचा मे महिना त्याला सोसायचा नाही. आपल्याकडचा क्लोव्हर म्हणजे बरसीम. गाई-म्हशींचा हिवाळी चारा. मूळचा इजिप्तकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आला. पानं लांबट, फुलांचे गोंडे पिवळसर पांढरे. मधमाश्यांना फार आवडतात.

बी ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाकावं, चौरस मीटरला साधारण तीन ग्रॅम. त्याआधी एक काम न विसरता करा. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. जे तरंगेल ते बहुतेक कासनीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या चिकोरीचं. ते काढून टाका आणि तळाचं बी साध्या पाण्यात धुऊन घ्या. नाहीतर फेब्रुवारीत निळी फुलं बघून पुन्हा मला फोटो येतील!

दुसरी गोष्ट मातीची. बरसीमच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरतात, पण नव्या जागेत ते नसतातच. त्यासाठी जिवाणूखताचं पाकीट मिळतं, किंवा जिथे गेल्या वर्षी बरसीम होतं त्या शेतातली थोडी माती आणून बियात मिसळायची. महिना-दीड महिन्याने एक रोप उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसलं की काम चालू आहे.

पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी. कापलेला पाला शेजारच्या गाईला द्यायचा तर भुशात मिसळूनच द्या. नुसता ओला बरसीम भरपूर खाल्ला तर जनावराचं पोट फुगतं, कधी जिवावर बेततं. उन्हं तापली की पीक आपोआप संपतं, मुळं मातीतच राहू द्यावीत.

भाचीचा राग गेलाय. काल दूधवाल्या काकांच्या शेतातून डबाभर माती घेऊन आली.