न दिसणाऱ्या जखमेचा पुरावा कोणी द्यायचा?

पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, आणि कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी काढलेले खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ सालचे. ह्या दोन संस्थांमध्ये दाखल होणाऱ्या सैनिकाकडे पाहून त्याच्या अपंगत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. तुटलेला पाय आपली साक्ष आपणच देतो. परंतु ज्याला अपस्माराचे झटके येतात, ज्याची झोप कायमची उडाली आहे, ज्याचे मन एखाद्या दूरच्या चौकीवर भ्रमिष्ट झाले, त्याची साक्ष कोणी द्यायची? सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासंबंधी गेली काही वर्षे आपल्याकडे जो वाद चालू आहे त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे. मात्र चर्चा होते ती बहुधा पैशाची.

ह्या वादाला तोंड फुटले ते आकड्यांमुळे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या मार्च २०२३ मधील अहवालाने असे दाखवून दिले की, २०१५-१६ ते २०१९-२० ह्या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्वाचा लाभ घेऊन बाहेर पडले. जवान व अन्य कनिष्ठ श्रेणींत हेच प्रमाण १५ ते १८ टक्के होते. त्यातही उच्च रक्तदाब, मधुमेह अशा जीवनशैलीशी निगडित विकारांचा वाटा लक्षणीय होता. जो जवान अधिक खडतर कामे करतो त्याच्यापेक्षा त्याचा अधिकारी दुपटीहून अधिक प्रमाणात अपंग कसा ठरतो, ही शंका कोणाही करदात्याच्या मनात यावी, आणि ती गैर नव्हे. ह्यानंतर काही महिन्यांतच, २१ सप्टेंबर २०२३ पासून, सरकारने नवे नियम लागू केले. अपंगत्व घेऊनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाचे नाव बदलून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले आणि विकारांचा सेवेशी संबंध जोडण्याचे निकष अधिक काटेकोर झाले. खऱ्या हक्कदारांचे रक्षण व गैरफायदा घेणाऱ्यांना पायबंद, असा हेतू त्या वेळी सांगण्यात आला.

हेतूविषयी तक्रार नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. शंभर टक्के अपंगत्वासाठी मिळणारी रक्कम अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते; पन्नास टक्क्यांना त्याच्या निम्मी. म्हणजे एकाच विकारासाठी, एकाच टक्केवारीने, ४० हजार रुपये वेतनाच्या माणसाला ६ हजार आणि दोन लाख वेतनाच्या माणसाला ३० हजार. रक्तदाब दोघांचा सारखाच! वरच्या श्रेणीत दाव्याचे आकर्षण अधिक असेल, तर ते रकमेच्या ह्या रचनेतून निर्माण झालेले आहे. सातव्या वेतन आयोगाने हे ओळखून श्रेणीनिहाय ठरावीक रकमा सुचविल्या होत्या : अधिकाऱ्यांना २७ हजार, कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांना १७ हजार, जवानांना १२ हजार. सैन्यदलांचा त्यास विरोध झाला आणि २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने टक्केवारीचीच पद्धत कायम ठेवली. त्या विरोधालाही आधार होता, कारण ठरावीक रकमेने कित्येकांचे नुकसान होणार होते. परंतु जो दोष रकमेच्या रचनेत आहे तो तेथेच न सुधारता पात्रतेच्या निकषांत सुधारावयाचा, हा उपाय चुकीच्या जागी झालेला आहे. वरच्या मजल्यावरच्या गळतीसाठी तळमजल्याचे पाणी तोडण्यासारखे ते आहे. निकष घट्ट केले की त्याची झळ प्रथम लागते ती ज्याच्यापाशी वकील नाही, इंग्रजी नाही आणि ओळख नाही अशा जवानाला.

रक्तदाबाच्या पंक्तीत मनाचे विकार बसविणे हे तर साफ चूक आहे. लाभाच्या लोभाने माणूस खोटा आजार सांगेल, ही आपल्या शास्त्रातील परिचित शंका. विम्याच्या प्रकरणावर शिकवताना मीही ती दरवर्षी मांडतो. परंतु लष्करात मानसिक विकाराची नोंद होणे म्हणजे काय, हे पाहिले की ती शंका लुळी पडते. ‘शेप’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय श्रेणीतील पहिलेच अक्षर मनःस्थितीचे आहे. ती श्रेणी खालावली की बढतीची वाट अडते आणि बराकीत सोबत्यांची नजर बदलते. गावी परतल्यावर ‘वेडा होऊन आला’ हा शिक्का बसतो, त्याची किंमत मुलीच्या लग्नापर्यंत मोजावी लागते. एवढी किंमत देऊन आजाराचे सोंग करणारे फार निघणार नाहीत. आजार लपविणारे मात्र पुष्कळ असणार. येथे प्रलोभनाची दिशाच उलटी आहे. तेव्हा नोंद उशिरा झाली, सेवेच्या अखेरीस झाली, किंवा शांततेच्या ठाण्यावर असताना झाली, एवढ्यावरून दावा संशयास्पद ठरविणे हे माणसाच्या स्वभावाचेच अज्ञान होय.

काही वर्षांपूर्वी सातारा भागातील माझा एक विद्यार्थी वडिलांच्या वैद्यकीय मंडळाचा कागद घेऊन आला होता. मंडळाचा अभिप्राय एका ओळीचा होता : विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. त्याला त्या इंग्रजी ओळीचे मराठी करून हवे होते. मी करून दिले. मग त्याने विचारले, “सर, मग कशाने झाला असं लिहिलंय?” तसे काहीच लिहिलेले नव्हते. मुलगा कागदाची घडी घालून निघून गेला. पुढे त्या प्रकरणाचे काय झाले ते मला कळले नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाला न्यायालयाने फार स्पष्ट उत्तर दिलेले आहे. सिग्नल दलात १९८५ मध्ये भरती झालेला एक शिपाई १९९४ मध्ये अपस्मारामुळे सेवेतून काढला गेला. विकार जन्मजात स्वरूपाचा आहे, असे सांगून त्याचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. ‘धरमवीर सिंग’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, भरतीच्या वेळच्या तपासणीत विकाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच गृहीत धरले पाहिजे. पुढील बिघाडाचा सेवेशी संबंध नाही, हे दाखविण्याची जबाबदारी सरकारची. १९८२ च्या नियमांतही पुराव्याचा भार सैनिकावर नव्हता आणि संशयाचा फायदा त्याला द्यावयाचा होता. २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात, मंडळाने कारणे नोंदविलीच नाहीत ह्या मुद्द्यावर, न्यायालयाने पुन्हा सैनिकाच्या बाजूने कौल दिला. मुंबईसह ठिकठिकाणच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणांपुढे अशीच प्रकरणे येत राहतात. सैनिक जिंकतो, सरकार वरच्या न्यायालयात जाते, आणि मधली वर्षे कुटुंब कसे काढते ह्याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात येत नाही.

न्यायालयाची ही भूमिका केवळ दयेपोटी आलेली नाही. ती अर्थशास्त्राच्याही कसोटीला उतरते. दोन पक्षांपैकी ज्याच्यापाशी माहिती अधिक, त्याने पुरावा द्यावा, हे व्यवहाराचे तत्त्व आहे. भरतीची तपासणी सरकारने केली, नेमणुका सरकारने दिल्या, रुग्णालयाची कागदपत्रे सरकारच्या कपाटात आहेत. सैनिकापाशी काय असते? चुकाही दोन प्रकारच्या असतात : खोट्याला देणे आणि खऱ्याला नाकारणे. एक चूक शून्यावर आणू म्हटले की दुसरी वाढतेच. पहिल्या चुकीची किंमत कोट्यवधी करदात्यांत वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला काही पैसे येते. दुसरीची किंमत एकाच घरावर पडते. जो समाज पहिलीच्या भयाने दुसरी पत्करतो, त्याने निदान आपण काय निवडले आहे हे जाणून तरी घ्यावे.

संशय किती फसवा असतो ह्याचा एक दाखला आपल्याच सैनिकांच्या इतिहासात आहे. १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांच्या हातांना फार जखमा होतात, तेव्हा ते स्वतःच स्वतःला जखमी करून घेत असावेत, असा बोभाटा झाला. ब्रायटन येथील किचनेर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमा तपासल्या आणि ह्या तर्काला आधार सापडत नाही, असे लिहिले. जखम डोळ्यांना दिसत होती, तरी ही अवस्था! त्याच वर्षी चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापील केला. पण त्या युद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले. त्यांतील काहींचे मन तोफांच्या माऱ्याने मोडलेले होते, हे तोवर सर्वमान्य झाले होते.

अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यानंतर १९८० मध्ये ह्या आघातजन्य विकाराला वैद्यकीय वर्गीकरणात स्थान मिळाले. २०१० मध्ये तेथील माजी सैनिक खात्याने आणखी एक पाऊल टाकले : शत्रूच्या हल्ल्याच्या भीतीतून विकार जडला असेल, खात्याच्या वैद्याने तसे निदान केले असेल आणि सैनिकाचे कथन त्याच्या सेवेच्या स्थळाशी व परिस्थितीशी जुळत असेल, तर त्या विशिष्ट प्रसंगाचा वेगळा पुरावा मागायचा नाही. तेथेही लबाडी होते आणि दाव्यांचे दलाल आहेत. परंतु लबाडी पकडण्याचे काम तपासयंत्रणेवर सोपवून पात्रतेचे दार उघडे ठेवणे, हा मार्ग आपल्यालाही अशक्य नाही. मंडळाने प्रत्येक नकाराची कारणे सविस्तर लिहावीत, मनोविकाराच्या प्रकरणी सैनिक कोठे, किती काळ, कोणत्या कामावर होता ह्याची नोंद अहवालास जोडावी आणि त्याची प्रत त्याला समजेल अशा भाषेत द्यावी, एवढे करण्यासाठी नवा पैसाही लागत नाही.

हे लवकर व्हायला हवे, ह्याला आता एक नवे कारण आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील बहुसंख्य तरुण चार वर्षांनी बाहेर पडतील; पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून पुरी होते. त्यांना निवृत्तिवेतन नाही. अपंगत्वासाठी एकरकमी मदत आहे : शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख, आणि तीही अपंगत्व सेवेशी निगडित ठरल्यावरच. पाय गेला तर हा तक्ता पुरतो. पण मनाचा विकार पुष्कळदा नोकरी सुटल्यावर, घरच्या शांततेत डोके वर काढतो. पंचविशीतला असा तरुण दोन-तीन वर्षांनी कोणत्या मंडळापुढे जाणार आणि कोणता कागद दाखविणार? सेवा सोडताना प्रत्येकाची मानसिक तपासणी करून तिचा निष्कर्ष त्याच्या हाती देण्याची व्यवस्था पहिली तुकडी बाहेर पडण्यापूर्वी झाली, तर निदान तो एक कागद त्याच्यापाशी असेल.