वरचा निकाल, खालचा शिक्का

मी बँकेत होतो तेव्हा मुख्य कार्यालयाचे परिपत्रक फायलीला लागायचे आणि काम जुन्याच वहिवाटीने चालायचे. न्यायालयांतही हे घडते. घटनेच्या १४१व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांना बंधनकारक आहे. २०१४ साली ‘अर्नेश कुमार’ खटल्यात त्याने बजावले: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, दंडाधिकाऱ्याने कारणे तपासल्याखेरीज कोठडी देऊ नये. तरी २०२३ मध्ये, असे निकाल डावलणाऱ्या दंडाधिकाऱ्यांचे काम काढून त्यांना प्रशिक्षणाला धाडा, असे त्यालाच म्हणावे लागले! निकाल पटला नाही तर खालच्या न्यायाधीशाने तसे जरूर लिहावे, पण पाळावा. तथ्ये वेगळी असतील तर फरक दाखवावा. आमच्याकडे परिपत्रक न वाचल्याने फार तर कुणाचे कर्ज अडायचे. इथे माणूस कोठडीत राहतो आणि घरचे लोक वकिलाची फी जमवत फिरतात.