गावात थांबणारी सायकल

कोथरूडहून पहाटे निघालेल्या सायकलस्वाराला दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतता येईल, एवढ्या टापूत मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. पश्चिमेला चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. दक्षिणेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) कुंपणाच्या कडेकडेने कुडजे, मांडवी, सांगरुण, बहुली ही मुठा खोऱ्यातली गावे. कात्रजपलीकडे शिवापूर, नसरापूर, भोर. आणि बोपदेव किंवा दिवे घाट चढून गेल्यावर कऱ्हेकाठचा सगळा पुरंदर. रविवारी सकाळी या रस्त्यांवर सायकलींची रांग लागते. हेल्मेट, गिअरची सायकल, मनगटावर वेग मोजणारे घड्याळ, सगळे असते. तरीही ज्या गावांतून ही रांग जाते, त्यांच्याशी तिचा संबंध एखाद्या मिसळीच्या हॉटेलापुरताच उरतो. तो वाढायला हवा, आणि ते अवघड नाही, असे आम्हाला वाटते.

पुरंदरचेच पाहू. कोंढवा, येवलेवाडी करत बोपदेव घाट चढला की वाहनांची गर्दी ओसरते आणि भिवरी, गराडे, चांबळीच्या शिवारातून रस्ता सासवडकडे उतरतो. कऱ्हा आणि चांबळी नदीच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे, जवळच चांगावटेश्वर आहे. संत सोपानदेवांची समाधी इथलीच. आषाढीला त्यांची पालखी इथूनच निघते आणि माउलींची पालखी दिवे घाट चढून इथेच मुक्कामाला येते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले, त्यांची समाधीही इथे आहे. पुरंदऱ्यांच्या वाड्याचा दरवाजा पाहिला की शनिवारवाडा आठवतो.

गावाबाहेर पडल्यावर तर इतिहासाचा हा साठा अधिकच दाट होत जातो. सोनोरीत पानशांची बुरुजबंद गढी आहे, आणि वर मल्हारगड. पेशव्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या पानसे घराण्याने तो १७५७ ते १७६० या काळात बांधला. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांपैकी हा शेवटचा मानला जातो. कोढीत हे आचार्य अत्र्यांचे जन्मगाव. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला कऱ्हा नदीवरूनच नाव दिले. खानवडीशी महात्मा फुल्यांच्या घराण्याचे नाते आहे. नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वर आणि डोक्यावर पुरंदर, जिथे १६५७ मध्ये संभाजीराजांचा जन्म झाला आणि ज्याच्या नावाने १६६५ चा तह ओळखला जातो. नारायणपूरहून केतकावळे, कापूरहोळ आणि जुना कात्रज घाट करून परत आले, तर कोथरूड ते कोथरूड फेरा नव्वद-शंभर किलोमीटरचा होतो. रोज सायकल चालवणाऱ्याला तो एका दिवसात सहज जमतो. एवढ्या अंतरात संत, पेशवे, सत्यशोधक विचार आणि मराठी गद्याचा एक सम्राट भेटावा, असे रस्ते महाराष्ट्रातही फार नाहीत.

मग सायकलस्वार थांबत का नाही? तो इतिहासाबद्दल उदासीन आहे, हे उत्तर आम्हाला पटत नाही. थांबण्याची सोयच नाही, हे खरे कारण. सोनोरीची गढी मुख्य रस्त्यावरून किती आत आहे, हे सांगणारी पाटी नसते. देवळात जायचे तर महागडी सायकल कुठे लावायची? पिण्याचे पाणी कुठे भरायचे, पंक्चर झाल्यावर जवळचे दुकान किती अंतरावर, बाईमाणसाला स्वच्छतागृह कुठे मिळेल, हे कोणी सांगत नाही. ज्या प्रवासात इतक्या गोष्टी अनिश्चित असतात, त्यात माणूस ओळखीच्या हायवेवरच्या ओळखीच्या हॉटेलावर थांबतो. गावाला मिळतो तो फक्त घंटेचा आवाज.

माणसांना गावात थांबवायचे कसे, हा प्रश्न फ्रान्सच्या ग्रामीण भागात चाळीस वर्षांपूर्वी वेगळ्या रूपात उभा राहिला होता. तरुण शहरात गेले, दगडी घरे ओस पडू लागली. १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या लाल दगडाच्या छोट्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी पुढाकार घेतला आणि ६६ गावांच्या महापौरांची संघटना उभी राहिली. ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ हे तिचे नाव. आज तिच्यात पावणेदोनशेच्या आसपास गावे आहेत. अटी साध्या, पण कडक: लोकसंख्या दोन हजारांच्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे, आणि गावच्या परिषदेने स्वतः ठराव करून केलेला अर्ज. दर्जा राखला नाही तर नाव काढून घेतले जाते. पॅरिसमधल्या एखाद्या खात्याने यादी करून गावांवर लादली, असे झाले नाही. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

सायकलीचे जाळे नंतर त्यावर चढले. लुआर नदीच्या काठाने जाणारा सुमारे नऊशे किलोमीटरचा मार्ग आज जगभरातल्या सायकलस्वारांना ठाऊक आहे. त्याचा बराचसा भाग नवा बांधलेला नाही. नदीकाठचे बांध, कालव्यालगतच्या जुन्या वाटा, वर्दळ नसलेले गावरस्ते जोडून तो तयार झाला. बरगंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये फ्रान्समधली पहिली ‘हिरवी वाट’ खुली झाली. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या निवासांना आणि दुकानांना सायकलस्नेही असल्याची खूण मिळते. त्यासाठी सायकल ठेवायला सुरक्षित जागा आणि दुरुस्तीची हत्यारे असावी लागतात. वस्तीबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखलेच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. पैशाने होण्यासारखे यात थोडेच आहे, बाकी सगळे व्यवस्थेचे काम आहे.

आपल्याकडे अशा तयार वाटा नाहीत का? पाटबंधारे खात्याने देखभालीसाठी ठेवलेले कालव्यालगतचे रस्ते आहेत. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा दौंड-इंदापूरच्या दिशेने जातो; नीरा खोऱ्यात त्याहून जुने, ब्रिटिश काळातले कालवे आहेत. या कडेच्या वाटा सपाट असतात, झाडांच्या सावलीत असतात, आणि त्यांवर ट्रक नसतात. अर्थात कालव्याची सुरक्षितता आधी. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून झालेली दैना पुणेकर विसरलेले नाहीत. पण तपासणी करून, निवडक टप्पे, ठरावीक वेळेला सायकलींसाठी खुले करणे हा विचार खात्याने निदान कागदावर तरी घ्यावा.

एक अडचण मात्र गावांची नाही, आपली आहे. कोथरूडमधून बाहेर पडणे हाच या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग असतो. चांदणी चौकातले नवे पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झाले आणि मोटारींचा खोळंबा कमी झाला. सायकलस्वाराला मात्र तिथे वेगाने येणाऱ्या वाहनांच्या मधून मार्गिका बदलण्याची कसरत करावी लागते. कात्रज-कोंढवा रस्त्याची ख्याती वेगळी सांगायला नको. महापालिकेने २०१७ मध्ये आठशेहून अधिक किलोमीटर सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात जे मार्ग आहेत, ते मधेच तुटतात, किंवा त्यांवर दुचाकी आणि हातगाड्या उभ्या असतात. ज्या उपनगराच्या शेजारी, कर्वेनगरात, विक्रम पेंडसे यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे आहे, त्या उपनगरातून सायकल सुखरूप बाहेर नेता येऊ नये, हे दुःखद आहे. आराखड्यातला प्रत्येक किलोमीटर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. कोथरूड गावठाणापासून शहराच्या वेशींपर्यंतचे सलग रस्ते आधी करावेत.

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ने एक गोष्ट सिद्ध केली. या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी जिल्ह्यातल्या रस्त्यांचे डांबरीकरण झाले, खड्डे बुजले, आणि गावोगावी लोक शर्यत बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहिले. म्हणजे इच्छा असली की रस्ते होतात. मात्र शर्यत काही दिवसांची असते आणि शर्यतीतला स्वार गावात थांबत नाही. त्या डांबरावर आता रोजचे, सावकाश जाणारे सायकलस्वार यावेत यासाठी वेगळे काम करावे लागेल.

त्या कामात सायकल गटांचाही वाटा आहे. पुण्यात दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ राइड नियमित होतात. त्यांचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. फ्रान्समध्ये हा शिक्का बहुधा गावातल्या बेकरीत किंवा कॅफेत मिळतो. आपल्याकडे तो हायवेवरच्या हॉटेलात का मिळावा? सोनोरीच्या पारावरच्या किराणा दुकानात, नसरापूरच्या चहाच्या टपरीवर, पौडच्या बाजारात तो दिला, तर साठ-सत्तर माणसे दिवसभरात त्या दुकानात पाय ठेवतील, काहीतरी विकत घेतील, दोन शब्द बोलतील.

गावांची बाजूही ऐकली पाहिजे. शहरातून येणारा माणूस बऱ्याचदा कचरा टाकून, मोठ्याने गाणी लावून, कोणाच्या तरी शेतात शिरून जातो, हा मुळशी-पानशेतच्या लोकांचा अनुभव आहे. मुळशी खोऱ्याला तर जुनी जखमही आहे: १९२१ मध्ये सेनापती बापटांनी जिथे सत्याग्रह केला, त्या धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. पुरंदरमध्ये प्रस्तावित विमानतळासाठी खानवडी, पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनी मागितल्या जात आहेत आणि लोकांचा विरोध आहे. अशा वेळी ‘तुमचे गाव सुंदर आहे, आम्ही बघायला येतो’ असे म्हणणाऱ्याकडे शंकेने पाहिले गेले, तर त्यात नवल नाही. म्हणूनच पुढाकार ग्रामपंचायतीचा हवा. कोणत्या गल्लीतून सायकली जाव्यात, कोणत्या जाऊ नयेत, कोणाच्या अंगणात त्या लावाव्यात, पाण्याचे पैसे घ्यायचे की नाही, हे गावाने ठरवावे. भिलारने २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव होताना घरे उघडली, ती ग्रामस्थांनी स्वतः. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांना मुक्कामाची सोय करता येते. पहाटे निघून दुपारी परतण्याऐवजी सायकलस्वार एक रात्र राहिला, तर खरा पैसा गावात राहतो.

सुरुवात सासवड-सोनोरी-कोढीत-नारायणपूर या एकाच फेऱ्याने करता येईल. जिल्हा परिषदेने अंतर आणि वास्तूचे दोन ओळींचे वर्णन असलेल्या दगडी पाट्या लावाव्यात, पंचायतींनी सायकल लावायला लोखंडी कठडे आणि पाण्याचा एक नळ द्यावा, सायकल गटांनी पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा पंप गावातल्या एका दुकानात ठेवून त्या दुकानदाराला शिकवावे. पावसाळा संपतो, करडई-ज्वारीच्या पेरण्या सुरू होतात आणि सायकलीचा हंगामही तेव्हाच लागतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपुढे हा विषय ठेवायचा असेल, तर त्याची पत्रे गणपतीआधी गावांत पोहोचायला हवीत.